देवळाचं छत, दर्ग्याचा घुमट आणि एकच चुना: दुरुस्तीच्या नोंदी

खुलताबाद तालुक्यातल्या आमच्या गावात बारवेच्या एका अंगाला महादेवाचं देऊळ आहे आणि दुसऱ्या अंगाला दर्गा. देऊळ काळ्या दगडाचं, लोक हेमाडपंती म्हणतात त्या घडणीचं. खाली चुना-माती न भरता दगडावर दगड बसवलेला, वर मात्र पुढच्या कोण्या काळात विटा-चुन्यात चढवलेलं शिखर. दर्गा चौकोनी, चार कमानींचा, वर विटांचा घुमट. दोन्ही गळत होते. दोन्ही समित्यांनी मिळून एकच काम काढलं आणि हिशेब-नोंदींची वही माझ्याकडे आली. आसपासच्या गावांतून विचारणा होते म्हणून ती वही इथे उतरवून काढतोय.

५ नोव्हेंबर २०२३

पाहणी. सोबत शहरातून आलेले जुन्या इमारतींचे एक वास्तुविशारद, गुरवकाका, मुजावरचाचा आणि खुलताबादचे वस्ताद. वस्ताद साठीच्या पुढचे, वडिलांपासून चुन्याचं काम करणारे. त्यांच्यासारखी माणसं तालुक्यात आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

आधी एक काम उरकलं, ते तुम्हीही आधी उरका. वास्तू केंद्र सरकारच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत आहे का ते पाहणं. यादीत असेल तर गावकऱ्यांनी खिळाही ठोकायचा नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. वेरूळ-दौलताबादच्या टापूत हा नियम भल्याभल्यांना आडवा येतो. आमच्या दोन्ही वास्तू कुठल्याच यादीत नाहीत, जवळपास तसं स्मारकही नाही. देवस्थानचा ट्रस्ट नोंदलेला आहे, दर्गा वक्फकडे. दोन्हीकडून कागद लागतात. कागदांना चुन्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण त्याबद्दल लिहीत बसलो तर वही संपेल.

देवळात सभामंडपाच्या छताला पांढरा खार फुटलाय. खांबांवर ऑइलपेंट, दरवर्षी यात्रेला एक हात, त्यामुळे कोरीव कामाची धार बुजलेली. छतावर पूर्वी कधीतरी सिमेंटचा कोबा ओतलाय. घुमटावर सिमेंटचा गिलावा, त्याला उभे तडे, आणि कठड्यातून पिंपळ.

२७ नोव्हेंबर

अवकाळी पाऊस. कापूस भिजला, लोकांचं नुकसान झालं, पण आम्हाला फुकटात तपासणी मिळाली. पावसातच दोघं पोरं आत खडू घेऊन उभी केली. जिथे थेंब पडेल तिथे फरशीवर गोल आणि वेळ लिहायची. दोघं जण छतावर, पाणी कुठे साचतं ते पाहायला.

वर जिथे तडा दिसतो, त्याच्या खाली पाणी येत नव्हतं. तड्यातून आत शिरलेलं पाणी सिमेंटच्या कोब्याखाली जुन्या चुन्याच्या थरातून हातभर सरकून भलतीकडेच खाली उतरत होतं. देवळाच्या छताला चारी कोपऱ्यांना दगडी पन्हळ आहेत, त्यातले तीन कोबा ओतताना बुजवलेले. पाण्याला जायला वाटच नाही. दर्ग्यावरही तेच. घुमटाच्या बुडाशी, कठड्याच्या आतल्या बाजूला जो पन्हळ फिरतो तो सिमेंटने भरून सपाट केलेला. वर सिमेंट आहे म्हणून पाणी आत जात नाही असं नाही, आत गेलेलं बाहेर पडत नाही एवढंच.

तिसरी गोष्ट गुरवकाकांनी दाखवली. गाभाऱ्यातून उत्तरेला निघणारं गोमुख अर्धं बुजलंय. अभिषेकाचं पाणी रोज थोडंथोडं जोत्यात मुरतं. वर्षभराचा हिशेब केला तर हे पावसापेक्षा कमी नसावं. ते त्याच आठवड्यात तारेने आणि लांब सळईने मोकळं केलं. खर्च शून्य. सगळ्या कामात एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी दुसरा दिवस नाही.

त्यामुळे क्रम ठरला: आधी पाणी बाहेर काढायचं, मग सिमेंट उतरवायचं, मग चुना. रंग, कळस, दिवे, टाइल्स यातलं काहीही मध्ये आणायचं नाही. टाइल्सचा विषय समितीत तरीही निघालाच.

३ डिसेंबर

चुना आणला आणि फसलो. बाजारात ‘चुना’ म्हणून पिशवीत मिळते ती पूड भिजवलेली, कित्येक महिने पडून राहिलेली असते. घर पांढरं करायला ठीक. बांधकामाला लागतो कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेले खडे. दुकानदाराने खडे म्हणून दिलेल्या पोत्यांतही अर्धा माल हवा लागून मेलेला होता.

परीक्षा सोपी आहे, पैसे देण्याआधी दुकानातच करा. बादलीत पाणी घ्या, मूठभर खडा टाका. जिवंत चुना काही मिनिटांत फुटतो, फुसफुसतो, पाणी उकळायला लागतं, बादलीला हात लावू देत नाही. मेलेला चुना गप्प बसतो. आमच्या पहिल्या खेपेतला जवळपास निम्मा गप्प बसला. तो दर्ग्याच्या कुंपणाला पांढरा मारायला वापरला, पैसे गेलेच.

वस्तादांचं म्हणणं, इथल्या जुन्या इमारतींचा चुना बाहेरून येतच नव्हता. नाल्याच्या काठी काळ्या मातीत चुनखडीचे गोटे सापडतात, ते वेचून गावातच भट्टी लावायचे. तो चुना करडा असायचा, ओल्यातही घट्ट व्हायचा. आता भट्टी लावणारं कुणी नाही, आणि लाकूडही नाही. आम्ही पांढरा चुना घेऊन त्यात सुरखी, म्हणजे कुटलेल्या विटांची पूड, मिसळायची ठरवली. सुरखीने तोच गुण बऱ्यापैकी येतो.

भिजवण्यासाठी बारवेजवळ दोन हौद खणले, आत जाड प्लॅस्टिक. चुन्यात पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना टाकायचा. उलट केलं की उकळी अंगावर येते. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. पोरांना चष्म्याची लाज वाटत होती. एकाच्या भुवईवर शिंतोडा उडाला, त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. भिजलेला चुना चाळणीतून गाळून हौदात सोडला, वर टीचभर पाणी कायम. हा मुरायला दीड महिना ठेवायचा.

१७ डिसेंबर

चुना मुरेपर्यंत वस्तादांना घेऊन शहरात आणि दौलताबादला गेलो. बघणं हेही कामच धरलंय.

बीबी का मकबरा बघताना लोक ताजमहालाशी तुलना करतात आणि निघून जातात. आमच्यासाठी तिथे वेगळी गोष्ट होती. खालचा कंबरेएवढा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधलं सगळं आपलाच काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. सतराव्या शतकाच्या मध्याचं काम. जिथे कपचा उडालाय तिथे थर मोजता येतात: आत भरड, मध्ये बारीक, वर नखाएवढा पातळ घोटलेला. वस्ताद हात मागे बांधून बराच वेळ त्या कपच्यासमोर उभे होते. पहारेकरी शंकेने बघायला लागला तेव्हा हललो.

दौलताबादच्या किल्ल्यातली जामा मशीद १३१८ ची, कुतुबुद्दीन मुबारक खलजीच्या काळातली. शंभराहून अधिक खांब, आणि ते जुन्या देवळांचे. खांबाचा चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, वर हस्त (तुळई पेलणारा पुढे आलेला दगड), हा सगळा क्रम आमच्या सभामंडपातल्या खांबांसारखाच. तिथे उभं राहिल्यावर कळतं की दगड एकावर एक तोलून ठेवण्याची ही रीत किती भार सोसते. वर छत कुणाचंही असो.

औंढा नागनाथ लांब पडतं, पण तिथलं उदाहरण गावात वारंवार द्यावं लागलं. खाली चांदणीच्या आकाराचा कोरीव दगड, वर पुढच्या काळातलं विटा-चुन्याचं पांढरं शिखर. आपलं देऊळ ‘अर्धं खोटं’ आहे असं समितीतल्या एकाला वाटत होतं आणि शिखर पाडून दगडात नवीन करा म्हणत होता. औंढ्याचं नाव घेतल्यावर थांबला.

२ जानेवारी २०२४

सिमेंट उतरवायला सुरुवात. ठेकेदाराने ब्रेकर आणला. देवळाच्या छतावर दोन तास चालला तेवढ्यात सभामंडपाच्या एका तुळईजवळून कपची खाली पडली. तुळईला पूर्वीचीच रेघ होती, आता ती उघडली. काम बंद, ठेकेदार परत.

दगडावर दगड नुसता वजनाने बसलेला असेल तिथे धक्का देणारं कुठलंही यंत्र चढवू नका. छिन्नी, हातोडी, आणि घाव खाली न मारता आडवा मारायचा. वेग चौथ्या हिश्श्यावर आला आणि मजुरी तितकी वाढली. तुळईखाली लाकडी टेकू दिला, तो आजही आहे.

घुमटावर उलटा त्रास. सिमेंट इतकं घट्ट चिकटलेलं की खेचताना जुनी वीट सोबत येते. मऊ वीट, मऊ चुना, आणि त्यावर त्यांच्याहून कितीतरी कडक सिमेंट. कडक थर उन्हात आपल्या चालीने हलतो, मऊ थर आपल्या. तडा पडतो तो मऊ भागात. जिथे सिमेंट ठोकल्यावर पोकळ आवाज येतो तिथलंच आधी काढलं. जिथे घट्ट आवाज आला तिथे छोटे चौकोन कापून मोकळे केले. उत्तरेच्या अंगाला, खाली, जुना चुन्याचा गिलावा सिमेंटखाली शाबूत सापडला. तो काढायचा नाही. त्याच्या कडा फक्त बंद केल्या.

१५ जानेवारी

संक्रांत, मजूर सुट्टीवर. पिंपळाबद्दल लिहून घेतो.

दर्ग्यावरचा पिंपळ तोडायला कुणी हात लावेना. मुजावरचाचांना हरकत नव्हती, हरकत तोडणाऱ्या मजुरांची होती. शेवटी गुरवकाका आले, नारळ फोडला, एक फांदी बारवेपाशी लावली. मग कुऱ्हाड चालली.

मुळं ओढून काढू नका. मूळ भिंतीच्या पोटात गेलेलं असतं, ओढलं की दगडांची अख्खी ओळ बाहेर येते. बुंधा कापून त्यात भोक पाडलं, तणनाशक भरलं, वरून मेण लावून बंद केलं. (हे पुढे जोडलेलं.) दोन महिन्यांनी मूळ सुकलं, तेव्हा हाताला येईल तेवढं काढून पोकळी पातळ चुन्याने भरली. घाई केलेल्या एका कोपऱ्यात पुन्हा पालवी फुटली आहे.

१८ जानेवारी

चुना मुरला, लोण्यासारखा झाला. आता मळणं.

काँक्रीटच्या मिक्सरमध्ये मळून पाहिलं. चुन्याचे गोळे होतात, वाळू वेगळी आणि चुना वेगळा. चुन्याला दाबून, रगडून मळावं लागतं. गावात दर्ग्याच्या मागे चुना रगडायच्या जुन्या घाणीचा गोल दगडी चर अर्धा मातीत गाडलेला होता. चाक कुठे गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं. वस्तादांनी देवळासमोर येऊन आमच्या बसण्याच्या गोल दगडाकडे बोट दाखवलं. मधोमध भोक. गावाने त्यावर बसून दोन पिढ्या राजकारण केलं होतं.

चर साफ केला, सुताराकडून बाभळीचा आस करून घेतला, बैलजोडी रोजाने. पहिल्या दिवशी आस मोडला. दुसरा लोखंडी केला, तो टिकला. एका वेळचा चुना मळून निघायला दोन-अडीच तास लागतात. वस्ताद करणीवर गोळा घेऊन करणी उलटी धरतात. गोळा खाली पडला नाही की झालं.

२५ जानेवारी

नमुने. दर्ग्याच्या मागच्या भिंतीवर हात-हातभर चौकोन मारले आणि प्रत्येकाखाली कोळशाने प्रमाण लिहिलं.

नदीची वाळू महाग आणि मातीची, म्हणून क्रशरची घेऊन धुतली. न धुतलेल्या वाळूचा चौकोन चार दिवसांत जाळीसारखा तडकला. सुरखीही तशीच. जास्त भाजलेल्या काळपट विटांची सुरखी नुसती भरड होऊन राहते, चुन्याला धरत नाही. कमी भाजलेल्या, नखाने खरवडल्या जाणाऱ्या विटांची कुटून घेतली.

गुळाचं पाणी आणि बेलफळाचं पाणी घालायची इथली रीत. वस्ताद हाताने घालतात, मोजत नाहीत. मोजून बघावं म्हणून एका चौकोनाला आम्ही सढळ हाताने गूळ घातला. तो चौकोन आठवड्यानेही अंगठ्याने दबत होता आणि त्यावर मुंगळ्यांची रांग लागली. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त मुंगळ्यांकडे बघून हसले. शेवटी हौदभर पाण्यात मूठ-दोन मूठ गूळ, एवढंच.

ठरलेलं प्रमाण, कुणाला हवं असेल तर: गिलाव्याला एक घमेलं मुरलेला चुना, दीड घमेलं धुतलेली वाळू, अर्धं घमेलं सुरखी, आणि पहिल्या थरात बोटभर लांबीचे तागाचे धागे. तुमची वाळू वेगळी असेल तर प्रमाणही बदलेल. चौकोन मारल्याशिवाय भिंतीवर जाऊ नका.

६ फेब्रुवारी

काम बंद आहे. कारण लिहावं की नाही यावर घरात चर्चा झाली. लिहितोय, कारण तुमच्याकडेही हे होणार.

दर्ग्याच्या जोत्यावरचं सिमेंट काढताना कोपऱ्यातला एक दगड उघडा पडला. त्यावर चौकटीच्या नक्षीची ओळ आहे, देवळाच्या जोत्यावर असते तशी, आणि ती उलटी बसवलेली. एका पोराने फोटो काढला आणि सोडून दिला. संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या तालुक्यात पोचला होता. रात्री चावडीत बैठक. एक बाजू म्हणे दगड काढून देवळात बसवा. दुसरी म्हणे लगेच गिलावा मारून झाका. दोन्हीकडचे आवाज चढले. बाहेरगावचे काही जण उगाच येऊन बसले होते, त्यांना सरपंचांनी चहा पाजून वाटेला लावलं.

वास्तुविशारदांनी एवढंच सांगितलं, की तो कोपऱ्याचा दगड आहे, काढला तर कमान खचेल. मी दौलताबादचं सांगितलं, तिथे असे खांब सातशे वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभे आहेत. मग कुणीतरी विचारलं की हे उलटंही असतं का. असतं. आमच्या महादेवाच्या शिखरावरचे कोनाडे बघा, महिरपी कमानी आहेत. मराठेशाहीच्या काळातल्या कितीतरी देवळांना घुमट आणि कोपऱ्यांना मिनारासारखे बुरूज आहेत. गवंडी तेच, हात तोच वळलेला. या उत्तराने सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. एक जण उठून गेला तो कामावर परत आला नाही.

ठरलं ते असं: दगड काढायचा नाही, झाकायचाही नाही. मोजमाप घेऊन चित्र काढलं, फोटोसह दोन्ही समित्यांच्या दप्तरात लावलं. माझं मत असं की दुरुस्ती करणाऱ्याने सापडलेलं नोंदवावं आणि जागेवर ठेवावं. दगडाने कुणाची बाजू घ्यावी हे ठरवणं गवंड्याचं काम नाही. या सगळ्यात काम थांबलं होतं, बैलांचं आणि वस्तादांचं रोज मात्र चालू. पुढच्या वेळी काम सुरू करण्याआधीच दोन्ही समित्यांकडून लिहून घेईन की काहीही सापडलं तर जागेवरून हलणार नाही आणि फोटो आधी समितीकडे जाईल.

१८ फेब्रुवारी

खांबांवरचा ऑइलपेंट. शिवरात्रीआधी संपवायचा होता.

वाळूचा फवारा मारणारे स्वस्तात करून देतो म्हणाले. त्यांनी केलेलं दुसऱ्या गावचं देऊळ बघितलं. रंग गेला होता, आणि त्यासोबत टाकीचे घावही. खांब साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. नको म्हटलं. ज्योत मारून रंग फुगवण्याचा प्रयोग एका पायरीवर केला, दगडाचा पापुद्रा सुटला. कॉस्टिक सोड्याने रंग निघतो, पण पांढरा खार मागे राहतो. शेवटी रंग काढायचं द्रव्य लावून, प्लॅस्टिकने झाकून, नायलॉनच्या ब्रशने आणि बांबूच्या सुरीने. एका खांबाला दोन माणसं आणि आठवडाभर. धुवायला पाणी लागतं ते वेगळं.

रंगाखाली एका खांबाच्या पायाशी खेळाचा पट कोरलेला निघाला, सोळा घरांचा. कुण्या गुराख्याचं काम असेल. गुरवकाका म्हणाले, आम्ही लहानपणी इथेच खेळायचो, आईने रंग दिला म्हणून बंद झालं. चारच खांब झाले. बाकीचे रंगलेलेच आहेत.

९ मार्च

काल शिवरात्र. परांची चार दिवस आधीच काढावी लागली, यात्रेनंतर पुन्हा बांधली. दोन्ही वेळचं भाडं आणि मजुरी गेली. पंचांग पाहून परांची बांधा.

२१ मार्च

रमजान १२ तारखेला सुरू झाला. वस्ताद आणि त्यांचे दोघे साथीदार रोजे धरणारे. पाणी न पिता घुमटावर उन्हात उभं राहणं शक्य नाही, म्हणून वेळ बदलली. सहरीनंतर अंधारातच घाणी सुरू, उजाडताना गिलावा, दहाला बंद. चुन्याला हीच वेळ मानवली. दुपारच्या उन्हात मारलेला गिलावा तासाभरात पांढरा पडून केसांसारखा तडकायचा, पहाटेच्या गिलाव्याला एकही तडा नाही. आधीपासून असंच करायला हवं होतं, पण पहाटे चारला कोण येतं.

घुमटावर सकाळी पश्चिमेचं अंग, सावली असेपर्यंत. वर ओलं गोणपाट. शेवटचा थर पातळ, बारीक चाळलेल्या चुन्यात संगमरवराची पूड, आणि गुळगुळीत गोट्याने घोटाई. घोटाई तीन वेळा, मधे थांबून. वस्ताद म्हणाले, ‘चुने को भूका-प्यासा नको रखना, मेरे जैसा उसका रोजा नहीं होता.’

देवळाच्या छतावर चुन्याचा कोबा. विटांचे तुकडे, सुरखी, चुना, चार इंच जाड पसरून लाकडी थाप्यांनी कुटायचा. कुटायला गावातल्या बायका, ओळीत बसून. कुटताना वरून गूळ-बेलाचं पाणी शिंपडत राहायचं. पहिल्या दिवशी थापी रुतते. नंतरनंतर ती उसळते आणि आवाज बदलतो, टणक येतो. आवाज बदलेपर्यंत थांबायचं नाही. उतार दहा फुटाला अडीच इंच, चारी पन्हळांकडे. उतार लेव्हल-पाइपने दोनदा तपासला, कारण सगळा खेळ त्याच्यावर. बंद पडलेले तिन्ही पन्हळ उघडले. एकाच्या तोंडात चिमण्यांचं घरटं होतं, ते रिकामं झाल्यावर उघडला.

ग्रामपंचायतीकडून मिळणारा निधी आचारसंहितेत अडकला. सोळा तारखेला निवडणूक जाहीर झाली आणि सगळं जिथल्या तिथे. वर्गणीवर चाललंय.

१५ एप्रिल

पाडवा आणि ईद मधे एकच दिवस सोडून आली. त्या आठवड्यात घाणी बंद होती.

खरी अडचण पाण्याची. गेल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला, बारव मार्चमध्येच आटली, गावाला टँकर सुरू. चुन्याला ओलावा तर रोज हवा. प्यायच्या टँकरचं पाणी भिंतीवर मारलं तर गाव उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे. विकतचा टँकर घेतला, विहिरीचं पाणी. त्यातला एक खारा निघाला. चाखून न बघता वापरलेल्या दिवसाच्या गिलाव्यावर आज पांढरी झाक आहे. पाणी चाखा.

गोणपाटावर पाणी मारण्याऐवजी गोणपाट भिजवून वर प्लॅस्टिक झाकलं, पाणी निम्म्याने वाचलं. तरी एवढं सांगतो: मराठवाड्यात हे काम दिवाळीनंतर सुरू करून शिवरात्रीआत संपवा. एप्रिलमध्ये चुना लावणं म्हणजे पैसे वाळत घालणं.

१२ जून

पहिला दमदार पाऊस. रात्रीच बॅटरी घेऊन गेलो, गुरवकाका आधीच खडू घेऊन आत बसलेले.

चारही पन्हळ वाहत होते. सभामंडप कोरडा. फक्त टेकू दिलेल्या तुळईजवळ एक ओल आहे, पावसाळ्यानंतर वरचा कोबा तिथे हातभर उघडून बघावा लागेल. घुमट कोरडा.

पण दर्ग्यात आतल्या भिंती खालून गुडघ्यापर्यंत ओल्या. वरून काही नाही. कारण बाहेरचा ओटा. काही वर्षांपूर्वी कुणी नवसाच्या टाइल्स बसवल्या, त्याखाली सिमेंट, आणि उतार भिंतीकडे. जमिनीतली ओल टाइल्समुळे वर येऊ शकत नाही, ती भिंतीतून वर चढते. देवळाच्या गाभाऱ्याभोवतीही तशाच टाइल्स घालायचा ठराव समितीत पडून होता. तो मागे घेतला गेला, या ओल्या भिंती दाखवल्यावर.

३० जून

हिशेब. एकूण साडेपाच लाखांच्या आत-बाहेर. निम्म्याहून जास्त मजुरी, त्यात सिमेंट उतरवण्याचीच सर्वात मोठी. चुना, सुरखी, वाळू मिळून खर्चाच्या सहाव्या हिश्श्याइतके. बाकी परांची, बैल, टँकर. वाया गेलेलं: मेलेला चुना, ब्रेकरचे दोन तास आणि त्यापायी आलेला टेकू, दुसऱ्यांदा बांधलेली परांची, फेब्रुवारीतला बंद, खाऱ्या टँकरचा गिलावा. हे सगळं टळलं असतं तर पाऊण लाख तरी वाचले असते आणि उन्हाळ्याआधी काम उरकलं असतं.

राहिलेलं: दर्ग्याच्या ओट्यावरच्या टाइल्स काढून तिथे दगडी फरशी चुन्यात, सांधे उघडे ठेवून. ज्यांच्या नवसाच्या टाइल्स आहेत त्यांच्याशी मुजावरचाचा बोलणार आहेत. तुळईजवळची ओल. उरलेले खांब. शिखराच्या वरच्या दोन थरांना हात लावलेला नाही, तिथे जुना गिलावा धरून आहे.

एका हौदात मुरलेला चुना शिल्लक आहे, पाण्याखाली. असाच ठेवला तर वर्षभरानेही बिघडत नाही, सुधारतोच. आसपासच्या गावात कुणाला छोट्या कामाला हवा असेल तर झाकणाचा ड्रम घेऊन या. घाणी दिवाळीपर्यंत बंद आहे, बैल पेरणीला गेलेत.